ज्या धुनेनं पियानोकडे ओढलं, तिच्यापासूनच सुरुवात कशी करावी

मोठ्या वयात पियानो शिकायला येणाऱ्याला "का शिकायचंय?" असं विचारलं, की उत्तरात बहुधा एका रचनेचं नाव येतं. बेथोव्हेनची फ्यूर एलीझ, मूनलाइट सोनाटा, यिरुमाचं रिव्हर फ्लोज इन यू, जॉन लेननचं इमॅजिन, नाहीतर जुन्या हिंदी सिनेमातला पियानोवर बसून गाणारा नायक. नाव सांगताना माणूस जरा ओशाळतो, कारण ते सगळ्या जगाला आवडणारं असतं. ओशाळायचं काही कारण नाही. आज शिकवत असलेल्यांपैकी कित्येकांनी याच रचनांपायी पियानोला पहिल्यांदा हात लावलेला असतो.

अडचण पुढे येते. क्लासमध्ये हातात लहान मुलांचं पुस्तक पडतं आणि "ते दोन वर्षांनी बघू" असं उत्तर मिळतं. नाहीतर माणूस घरीच व्हिडिओ लावून मूनलाइटच्या पहिल्या ओळीशी झटत बसतो आणि महिन्याभरात कीबोर्डवर पुन्हा चादर पडते. माझं म्हणणं असं, की ती धून पहिल्या आठवड्यापासून समोरच्या स्टँडवर असावी. फक्त तिचा कुठला तुकडा, कुठल्या लयीत, कुठल्या हातानं घ्यायचा हे आधी ठरवावं. ते कसं ठरवायचं, यासाठी हा लेख. पियानोची काहीच ओळख नाही, किंवा घरात पेटी वाजते तेवढीच ओळख आहे, असा वाचक मी समोर धरलाय.

आधी रचना नक्की करा

हे वाटतं तितकं सोपं नाही. मूनलाइट सोनाटाचे तीन भाग आहेत. संथ, अंधारात चालल्यासारखा वाटतो तो पहिला. तुम्हाला आठवतंय ते वादळासारखं काही असेल तर तो तिसरा, आणि तो वाजवायला कित्येक वर्षांची तयारी लागते. ओपस 27, क्रमांक 2 हा या सोनाटाचा खरा पत्ता; ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेला दिलेला क्रमांक. बेथोव्हेननं तो 1801 मध्ये लिहिला. 'मूनलाइट' हे नाव त्याचं नाहीच. त्याच्या मृत्यूनंतर रेल्श्टाब नावाच्या एका समीक्षकाच्या वर्णनावरून ते चिकटलं. फ्यूर एलीझचा पत्ता डब्ल्यूओओ 59, म्हणजे ओपस क्रमांक नसलेल्या रचनांच्या यादीतला. शोधताना हे क्रमांक टाकले की अर्धवट, सोपी केलेली, भलत्याच पट्टीत बसवलेली रूपं बाजूला पडतात.

दुसरा प्रश्न, तुम्ही ऐकलं ते वाद्य पियानोच होतं का? पाखेलबेलचा कॅनन मुळात तीन व्हायोलिनं आणि साथीचा खर्ज यांच्यासाठी आहे. 2014 च्या इंटरस्टेलर सिनेमात अंगावर येतो तो लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन. अशा वेळी पियानोवर जे मिळतं ते कोणीतरी केलेलं रूपांतर असतं आणि रूपांतराचा दर्जा फार वरखाली होतो. तीन-चार वादकांचं ऐका, मग त्यातलं एक निवडा.

बाख, बेथोव्हेन, शोपँ, साती यांच्या रचना आता कोणाच्या मालकीच्या नाहीत. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर त्यांची नोटेशन्स फुकट मिळतात. यिरुमा किंवा सिनेमातल्या धुनांचं तसं नाही. ती पानं विकत घ्यावीत. फुकटच्या पीडीएफमध्ये चुका इतक्या असतात की वाचलेले पैसे वेळेच्या रूपानं जातात.

ओढ कशाची होती, हे ओळखा

डोळे मिटून ती रचना एकदा ऐका आणि नंतर गुणगुणा. तोंडात काय आलं? सरळ गाता येईल अशी चाल आली, तर तुम्हाला सुरावटीनं ओढलंय. चाल न येता नुसती खळखळ आली, म्हणजे एकाच साच्यात वरखाली जाणारे तुटक स्वर, तर ओढ त्या हालचालीची आहे. गुणगुणताच आलं नाही, फक्त 'तिथे काहीतरी बदलतं आणि पोटात कालवतं' एवढंच आठवलं, तर ती स्वरमेळाची, म्हणजे कॉर्ड बदलण्याची जादू.

हे ओळखण्याचा उपयोग थेट आहे. खळखळ आवडणाऱ्यानं बाखचा पांढरी एकमधला (पट्ट्यांची ही नावं खाली येतात) प्रील्यूड, म्हणजे एक छोटी रचना, आधी घ्यावा. सुरावट आवडणाऱ्यानं फ्यूर एलीझचा पहिला भाग. कॉर्डच्या बदलांनी हलणाऱ्यानं सातीची पहिली जिम्नोपेदी किंवा इमॅजिन. ज्याला नुसता वेग आवडलाय, त्याला मात्र पहिल्या वर्षात देण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. त्यानं थोडी कळ काढावी आणि मधल्या काळात खळखळीच्या गटात बसावं.

पेटीवाल्यांसाठी थोडं

आपल्याकडे पट्ट्यांना काळी एक, पांढरी पाच अशी नावं आहेत, ती पियानोवर जशीच्या तशी चालतात. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, इंग्रजी सी. तिच्या शेजारची काळी ती काळी एक. तिथून तीनच्या गटातली मधली ती काळी चार. मी खाली हीच नावं वापरतो. इंग्रजी अक्षरं आठवड्याभरात आपोआप अंगवळणी पडतील.

पण पेटीची काही सवय मोडावी लागते. पेटीत एक हात भात्यावर गुंतलेला, त्यामुळे डाव्या हाताची बोटं कोरी राहिलेली असतात. पेटीत पट्टी दाबून धरली की हवा असेपर्यंत सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि सूर त्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीत आवाजाचं लहानमोठेपण भात्यात असतं, पियानोत ते पट्टी किती वेगानं खाली जाते त्यात. म्हणून पेटीवाल्याचा पियानो सुरुवातीला सगळा एकाच जोरात वाजतो. यावर साधा उपाय असा: एकच पट्टी दहा वेळा वाजवा, पहिल्यांदा जेमतेम ऐकू येईल इतकी हळू आणि प्रत्येक वेळी किंचित मोठी. मग उलट.

मींड विसरा. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पियानोत नाही आणि आणताही येत नाही. पेटीवर निदान दोन सूर एकमेकांत मिसळून तसा आभास करता येतो, इथे तेही कठीण. नाट्यसंगीतातली एखादी पदं पियानोवर कोरडी का लागतात, त्याचं कारण हेच.

पहिली वाट: बाखचा प्रील्यूड

मला विचाराल तर खऱ्याखुऱ्या नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली मूळ रचना नाही. सोपी केलेली आवृत्ती लागतच नाही. 1722 च्या 'वेल टेम्पर्ड क्लाव्हिअर' या बाखच्या संग्रहाच्या पहिल्या खंडातला हा पहिलाच प्रील्यूड, बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही 846. एकूण 35 बार, म्हणजे नोटेशनवर उभ्या रेघांनी आखलेले तालाचे खंड, त्यातले पहिले 32 एकाच साच्यात. पुढे गूनो या फ्रेंच संगीतकारानं याच्याच वर स्वतःची चाल बसवून प्रसिद्ध आवे मारिया केली, त्यामुळे कित्येकांना तो न ओळखताच ओळखीचा वाटतो.

पांढरी एकला सा धरा. पहिले चार बार असे आहेत:

पहिला: सा ग प, वरचा सा, वरचा ग.
दुसरा: सा रे ध, वरचा रे, वरचा म.
तिसरा: खालचा नी, रे प, वरचा रे, वरचा म.
चौथा: पुन्हा पहिल्यासारखा.

सगळे स्वर शुद्ध. पाचपैकी पहिले दोन डाव्या हाताचे, पुढचे तीन उजव्या हाताचे.

आता वाजवायचं कसं. आधी साचा विसरा आणि पाचही स्वर एकदम दाबा, डाव्या हाताचे दोन, उजव्याचे तीन. चार मात्रा धरा, सोडा, पुढच्या बारावर जा. दोन-तीन दिवस एवढंच करा. हात न बघता एका बारातून दुसऱ्या बारात जायला लागले, की मग फोडायला घ्या: डावा हात सा आणि ग वाजवून धरून ठेवतो, उजवा प-सा-ग, प-सा-ग असे दोन फेरे घेतो. आठ स्वर झाले. हेच पुन्हा एकदा, की एक बार पूर्ण.

दुसऱ्या बाराकडे कान द्या. खालचा सा जागचा हलत नाही आणि वरचं सगळं सरकतं. तिथे जो ताण येतो तो तिसऱ्या बारात सा खाली नीवर घसरल्यावर आणखी वाढतो आणि चौथ्यात सुटतो. पोटात कालवणारी गोष्ट म्हणतो ती हीच. पियानोवर ती स्वतःच्या हातानं घडते तेव्हा ऐकण्यापेक्षा जास्त कळते.

रोज एक नवा बार घ्यायचा असं ठरवलं तरी चालेल. मधल्या काही बारांत काळ्या पट्ट्या येतात आणि कानाला 'हे चुकलं' असं वाटतं. बहुधा चुकलेलं नसतं; बाखनं ते तसंच लिहिलंय. पान पुन्हा नीट बघा आणि त्या कडवट स्वरांवर थोडं थांबा.

दुसरी वाट: फ्यूर एलीझ

ही धून जगानं इतकी वापरली आहे की तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या ती वाजवत येतात. बेथोव्हेननं 1810 मध्ये लिहिलेली ही छोटी रचना त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही. 1867 मध्ये, त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षं झाल्यावर ती बाहेर आली. मूळ हस्तलिखित हरवलेलं आहे आणि ही एलीझ कोण याबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

रचनेचा आराखडा असा: मुख्य भाग, मग दुसरा भाग, पुन्हा मुख्य, मग तिसरा, पुन्हा मुख्य. मुख्य भाग तीनदा येतो आणि तोच सगळ्यात सोपा. म्हणजे तो एक भाग बसला की रचनेचा मोठा वाटा हातात आला.

सुरुवात उजव्या हाताची: पांढरी तीन, काळी दोन, पांढरी तीन, काळी दोन, पांढरी तीन, मग खालची पांढरी सात, वरची पांढरी दोन, पांढरी एक आणि खालची पांढरी सहा. इथे डावा हात उठतो: खर्जातली पांढरी सहा, तिच्या वरची पांढरी तीन, तिच्या वरची पांढरी सहा. तो थांबतो तिथून उजवा उचलतो: पांढरी एक, तीन, सहा आणि सातवर टेकतो. पुन्हा डावा: पांढरी तीन, वरची पांढरी तीन, काळी चार. उजवा: पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात आणि वरच्या पांढरी एकवर टेकतो.

दोन्ही हात इथे एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, एकाच रेषेचे तुकडे वाटून घेतात. नवशिक्याला हे जमतं ते याच कारणानं. लय तीन मात्रांची, हलकी. डाव्या हाताचा पहिला स्वर उजव्या हाताच्या शेवटच्या स्वरासोबतच पडतो, एवढं सांभाळा. डाव्या हातानं धाडकन पाय आपटल्यासारखी एंट्री घेतली तर सगळी नजाकत जाते.

एक ठिकाण सगळ्यांना फसवतं. मुख्य भागात चाल परत येण्याआधी पांढरी तीन वेगवेगळ्या सप्तकांत उड्या मारते आणि मग पांढरी तीन-काळी दोन यांची जोडी नेहमीपेक्षा जास्त वेळा येते. ऐकून वाजवणारा इथे हमखास मोजणी हरवतो. पान समोर ठेवा, जोड्या पेन्सिलनं मोजून खुणा करा आणि हात नुसत्या अंदाजावर सोडू नका.

दुसरा भाग सुरू झाला की पट्टी बदलते आणि थोड्याच वेळात जलद, बारीक स्वरांची गर्दी येते. ती पहिल्या वर्षात सोडून द्या. मुख्य भाग वाजवून, शेवटचा स्वर धरून, हात उचलून थांबलात तर ऐकणाऱ्याला काही अपुरं वाटत नाही.

तिसरी वाट: मूनलाइटचा पहिला भाग

पट्टी काळी एकची, मायनर, म्हणजे कोमल गंधाराची. पान उघडल्यावर चार तीव्र चिन्हं दिसतात आणि माणूस घाबरतो. पण ज्यानं काळी एकमध्ये गाणं ऐकलंय, गायलंय, त्याला ती पट्टी परकी नाही.

इथे तीन थर आहेत. खाली डाव्या हाताचा खर्ज, सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम. मधे उजव्या हाताचा तीन-तीन स्वरांचा न थांबणारा फेरा. आणि त्याच उजव्या हाताच्या शेवटच्या बोटांनी वाजवायची वरची चाल. तिसरा थर अवघड आहे, कारण करंगळीनं मोठं आणि अंगठ्यानं हळू वाजवायचं, हे हाताच्या स्वभावाच्या उलट आहे. तो सध्या ठेवा बाजूला.

पहिल्या आठवड्यात एवढं घ्या. उजव्या हाताला काळी चार, वरची काळी एक, पांढरी तीन. हे तीन स्वर फिरवत राहा, एका बारात चार वेळा. डाव्या हाताला दोनऐवजी एकच सूर: पहिल्या बारात काळी एक, दुसऱ्यात खालची पांढरी सात. उजवा हात दोन्ही बारांत तोच. तिसऱ्या बाराच्या सुरुवातीला डावा पांढरी सहावर उतरतो आणि उजव्याची फक्त काळी चार सरकून पांढरी सहा होते. एका बोटानं एक पट्टी सरकली आणि सगळ्या खोलीचा रंग बदलला, हे तिथे ऐकू येतं. पाचव्या बाराच्या शेवटी वरची चाल सुरू होते, तीही एकाच सुरावर, काळी चारवर, अडखळत.

पेडलविषयी. बेथोव्हेननं लिहून ठेवलंय की हा सगळा भाग तारांवरचे दाबक उचलून, म्हणजे पेडल दाबून वाजवावा. त्याच्या काळातल्या पियानोत सूर लवकर विरायचे. आजच्या पियानोवर तसं केलं तर चिखल होतो. खर्ज बदलला की पाय उचलून लगेच पुन्हा दाबायचा, बस्स. आणि फार रेंगाळू नका. लिहिलेला ताल बारात दोन ठोक्यांचा आहे, चारांचा नाही. बहुतेक जण हा भाग शोकसभेसारखा वाजवतात. मला तरी ते सोसत नाही.

गाणं वाजवायचं असेल तर

हिंदी सिनेमात पियानो म्हणजे नायकाच्या मनातली खदखद पार्टीत बोलून दाखवायची जागा. 1949 च्या अंदाजमधला दिलीपकुमार, 1963 च्या गुमराहमधला सुनील दत्त, संगममधला राज कपूर, ब्रह्मचारीमधला शम्मी कपूर. पडद्यावरची बोटं बघून मात्र काही शिकायला जाऊ नका. प्रत्यक्ष वादन स्टुडिओतल्या वादकांचं असायचं. त्या काळच्या मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते, कारण चर्चच्या शाळांमधून त्यांना लहानपणापासून पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकवलेलं असे.

अशा गाण्यांत चाल गायकाकडे असते आणि पियानो भोवतीनं फिरतो. म्हणून 'गाणं पियानोवर' काढायचं तर चाल उजव्या हातात आणून डाव्या हाताला साथ द्यावी लागते. क्रम असा ठेवा: आधी गाऊन सा पक्का करा. उजव्या हातानं चाल काढा. मग प्रत्येक ओळीला डाव्या हाताचा एकच खालचा सूर शोधा, चालीशी जुळेल असा. तो सापडला की त्याच्यावर त्याचा पंचम जोडा. पूर्ण कॉर्ड सगळ्यात शेवटी. ही शोधाशोध कंटाळवाणी वाटली तरी कान तयार होतो तो इथेच. गाणं निवडताना फार मुरक्या-मींड नसलेलं, स्वरांवरून पायऱ्या उतरत जाणारं घ्या. 1961 च्या छायामधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' चांगलं बसतं. सलील चौधरींनी त्याचा मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून घेतला होता.

इंग्रजी गाण्यांत इमॅजिन नवशिक्याला खूप देतं. पांढरी एकची पट्टी, सुरुवातीला दोनच मुख्य कॉर्ड आणि त्यांना जोडणारी ती पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात अशी छोटीशी चढण. क्वीनच्या बोहेमियन रॅप्सडीपायी येणारेही पुष्कळ. त्यातला पियानो फ्रेडी मर्क्युरीचा स्वतःचा, आणि फ्रेडी पियानो शिकला तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. गाणं पट्ट्या सतत बदलतं, तेव्हा पहिल्या वर्षी त्याची फक्त सुरुवातीची पियानोची साथ घ्या. ती काळी पाचच्या पट्टीत आहे.

कॅननची गंमत वेगळीच. सगळा डोलारा आठ सुरांच्या खर्जावर उभा आहे आणि तो 28 वेळा येतो: सा, प, ध, ग, म, सा, म, प. मूळ पट्टी पांढरी दोन. तुम्ही पांढरी एकला सा धरलात तर काळी पट्टी लागतच नाही. डाव्या हातानं हे आठ सूर फिरवत ठेवा आणि उजव्यानं त्यावर काय वाटेल ते करून बघा.

वाद्य कुठलं घ्यावं

इथे निवडलेली धूनच उत्तर देते. बाखच्या त्या खंडातल्या रचना चार सप्तकांत मावतात, त्यामुळे साधा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. फक्त पट्टी जोरात-हळू दाबल्याचा फरक आवाजात पडतो का, हे दुकानात वाजवून बघा. मूनलाइटला मात्र 61 पट्ट्या अपुऱ्या: लिहिल्याप्रमाणे वाजवायला गेलात तर दुसऱ्याच बारातला खालचा सूर कीबोर्डवर नसतो. एकाच सुरावर भागवायचं तोवर ठीक, पुढे 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्या असलेला डिजिटल पियानो हवा. चांगल्या कंपन्यांचे साधे डिजिटल पियानो सध्या 40-50 हजारांच्या आसपास येतात. पेडल वेगळं घ्यावं लागतं का, ते विचारून घ्या; सोबत येणारं पातळ बटणासारखं पेडल फरशीवर घसरत राहतं. आणि स्टूल. जेवणाच्या खुर्चीवर बसून शिकू नका, कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं.

जुना खरा पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात, नमद्याला कसर लागते. वर्षातून निदान दोनदा सूर लावून घ्यावा लागतो. विकत घेण्याआधी सूर लावणाऱ्याला सोबत नेऊन आतलं दाखवा. त्याची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

रोजचा रियाझ

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा. त्यातली पहिली पाच बोटांसाठी. पांढरी एकपासून सरळ सप्तक, उजव्या हाताला अंगठा-तर्जनी-मधलं, मग अंगठा खालून काढून पुन्हा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पियानोत बोटांना क्रमांक असतात, दोन्ही हातांना अंगठा एक आणि करंगळी पाच. नोटेशनवर छापलेले हे आकडे पाळा. पुढे वेग येतो तो त्यांच्यामुळे.

उरलेल्या वेळात दोन बार. दोनच. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे टिकटिक ठोके देणारं यंत्र, अशा वेगावर लावा की सलग तीन वेळा बिनचूक वाजेल. तो वेग कितीही हास्यास्पद वाटला तरी तोच तुमचा आजचा वेग. बसल्यावर दरवेळी पहिल्या स्वरापासून सुरू करण्याचा मोह आवरा. फ्यूर एलीझच्या पहिल्या आठ बारांवर जगभरात जेवढे लोक थबकलेत, त्याला हीच सवय कारण. कधी तुमच्या तुकड्याच्या शेवटच्या दोन बारांपासून सुरू करून मागे मागे या.

पट्ट्यांवर रंगीत पट्टे पडत येतात तसले व्हिडिओ पहिल्या चार बारांसाठी उपयोगी आहेत. पुढे ते बोटांचे क्रमांक सांगत नाहीत, कुठे हळू आणि कुठे मोठं ते सांगत नाहीत, आणि व्हिडिओ बंद केला की हातात काही उरत नाही. त्याच दोन बारांचं नोटेशन शेजारी ठेवून ताडून बघत जा. ओळखीच्या धुनेचं नोटेशन वाचणं सोपं जातं, कारण पुढे काय येणार ते कानाला माहीत असतं.

शिक्षक शोधताना

पहिल्याच भेटीत रचनेचं नाव सांगा आणि विचारा, "नेहमीच्या धड्यांसोबत याचे चार-चार बार चालतील का?" होकार देणारा, आणि कुठले चार बार ते स्वतः उचलून देणारा शिक्षक मिळाला तर थांबा तिथेच. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षांच्या ग्रेड एक ते आठ असतात. मुलांना त्यांचा उपयोग होतो, मोठ्यांनी द्यायच्या की नाही ही आवडीची बाब. पण परीक्षेच्या तीन रचनांखेरीज वर्षभर दुसरं काहीच वाजवायचं नाही असा क्लास असेल तर दुसरा बघा. गोव्यात असाल तर पणजीच्या कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी करा.

क्लासच्या पुस्तकात बाखच्या नावावर एक जी मेजरमधला मिन्युएट भेटेलच. तो खरं तर क्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचा आहे. बाखच्या पत्नीच्या वहीत उतरवलेला होता म्हणून बाखचा समजला गेला. तो कंटाळवाणा म्हणून उडवू नका. डावा आणि उजवा हात वेगवेगळं बोलतात ते तिथे शिकायला मिळतं, आणि पुढच्या सगळ्या वाटा त्यावरून जातात.

तिथून पुढे

शोपँचं ई फ्लॅटमधलं नॉक्टर्न, ओपस 9 क्रमांक 2, डोक्यात असेल तर आधी त्याचेच ओपस 28 मधले दोन प्रील्यूड घ्या. सातवा फक्त 16 बारांचा आहे आणि नॉक्टर्नमधल्या डाव्या हाताच्या उड्यांची तालीम देतो. चौथ्यात डावा हात एकाच कॉर्डचे ठोके देत एकेक पट्टीनं खाली घसरतो आणि उजवा जेमतेम दोन सुरांत रडून घेतो.

देबुसीचं क्लेर द ल्यून ज्यांना हवंय त्यांनी सातीची जिम्नोपेदी आधी पूर्ण करावी. तिथली लय इतकी विलंबित आहे की खर्जापासून कॉर्डपर्यंतची डाव्या हाताची लांब झेप न बघता मारायला शिकता येते. क्लेर द ल्यूनला पाच कोमल चिन्हं आहेत. पहिलं पान बऱ्यापैकी लवकर जमतं, मधली खळखळ नाही.

आणि मूनलाइटचा तो वादळी तिसरा भाग. त्याच्या सुरुवातीला उजवा हात जे स्वर घेऊन वर झेपावतो ते काळी चार, काळी एक आणि पांढरी तीन हेच आहेत, पहिल्या भागात फिरवले तेच. रोजच्या वीस मिनिटांच्या शेवटी ते एका सप्तकातून पुढच्या सप्तकात चढवत नेऊन बघा, मेट्रोनोम 60 वर, एका ठोक्याला एक स्वर.